वेल्लोरच्या डॉ. आयडा स्कडर

घरात मोठे आजारपण आले आणि इथल्या उपचारांनी गुण येईना झाला की नातेवाइकांपैकी कुणीतरी हटकून सुचवतो, एकदा वेल्लोरला दाखवून घ्या. मग काटपाडी स्टेशनची तिकिटे काढली जातात. तिथे उतरणाऱ्यांत आपल्याकडच्यापेक्षा बंगाल, आसाम, झारखंडकडची माणसेच अधिक दिसतात. हॉस्पिटलसमोरच्या गल्ल्यांत लॉजवर आणि खाणावळींवर बंगालीत पाट्या आहेत. तमिळनाडूतल्या एका मध्यम गावात एवढे मोठे हॉस्पिटल कसे उभे राहिले, हे मात्र तिथे जाऊन बरे होऊन आलेल्यांनाही बहुधा ठाऊक नसते. ह्या हॉस्पिटलचा आरंभ ज्या मुलीपासून झाला तिला मिशनरी व्हायचे नव्हते, डॉक्टर तर नाहीच नाही, आणि हिंदुस्थानात राहायची तिची मुळीच इच्छा नव्हती.

तिचे आजोबा डॉ. जॉन स्कडर हे न्यूयॉर्कमधले चांगला जम बसलेले डॉक्टर. ते सगळे सोडून ते १८१९ साली पत्नीसह सिलोनला निघाले आणि पुढे मद्रास इलाख्यात आले. अमेरिकेतून परदेशी गेलेले ते पहिले वैद्यकीय मिशनरी समजले जातात. त्यांचे सात मुलगे ह्याच कार्यात पडले. त्यांतल्या जॉन नावाच्याच डॉक्टर मुलाची आयडा ही सर्वांत धाकटी मुलगी. पाच भावांची एकुलती एक बहीण. जन्म ९ डिसेंबर १८७०, गाव राणीपेट, वेल्लोरच्या जवळच. हे घराणे रिफॉर्म्ड चर्चचे, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाचे होते.

आयडा सहा-सात वर्षांची असताना मद्रास इलाख्यात भयंकर दुष्काळ पडला. १८७६ ते १८७८ ह्या काळातल्या त्या दुष्काळात लाखो माणसे गेली. स्कडरांच्या बंगल्यावर उपाशी मुलांना पावाचे तुकडे वाटले जात. काही मुलांच्या हातात तुकडा तोंडापर्यंत न्यायचेही बळ नसे, म्हणून लहानगी आयडा तो मोडून त्यांच्या तोंडात घाली. रस्त्याच्या कडेला मरून पडलेली मुलेही तिने पाहिली. एवढ्या वयात पाहिलेले असे काही विसरत नाही. ह्या आठवणींमुळे तिच्या मनात सेवेची ओढ निर्माण झाली असेल, असे कुणाला वाटेल. झाले उलटेच. तिला ह्या देशाची धास्ती बसली.

१८७८ साली कुटुंब अमेरिकेला परतले. पुढे वडील आणि त्यांच्यामागून आईही हिंदुस्थानात परत आली, आणि आयडा नातेवाइकांकडे शिकागोला राहिली. आई निघून गेली त्या रात्री ती आईच्या उशीत तोंड खुपसून रडली होती. मिशनरी घरातल्या मुलांना आईवडिलांच्या त्यागाची किंमत मोजावी लागते, ती अशी. पुढे नॉर्थफील्डच्या शाळेत ती हसरी, खोडकर, मैत्रिणींत रमणारी मुलगी म्हणून ओळखली जाई. लग्न करून अमेरिकेत सुखाने राहायचे, असा तिचा साधा बेत होता. १८९० साली आई आजारी असल्याची बातमी आली आणि तेवढ्यापुरती म्हणून ती दक्षिणेतल्या तिंडिवनम ह्या गावी वडिलांच्या बंगल्यावर आली. आईला बरे वाटले की परत जायचे, हे नक्की ठरलेले होते.

आणि ती रात्र आली. आयडा आपल्या खोलीत लिहीत बसली होती. व्हरांड्यात पावले वाजली. एक तरुण ब्राह्मण दारात उभा होता. त्याची पत्नी, जेमतेम चौदा वर्षांची, बाळंतपणात अडली होती. सुइणीने हात टेकले होते. आयडाने त्याला सांगितले की मी डॉक्टर नाही, डॉक्टर माझे वडील आहेत, ते लगेच येतील. तो मागे सरला. परपुरुषाने आपल्या पत्नीला पाहण्यापेक्षा ती मेलेली बरी, असे सांगून तो अंधारात निघून गेला. थोड्या वेळाने पुन्हा पावले वाजली. आता एक मुसलमान गृहस्थ होता. त्याचीही तीच अडचण होती, आणि वडील स्वतः समोर येऊन उभे राहिले तरी त्याचेही उत्तर तेच. तिसऱ्यांदा आणखी एक हिंदू गृहस्थ आला. तोही तसाच परत गेला.

रात्रभर तिला झोप आली नाही. पहाटे गावातून अंत्ययात्रेचा ताशा ऐकू येऊ लागला. तिने नोकराला चौकशीला पाठवले. तिन्ही बाया गेल्या होत्या.

त्या तीन नवऱ्यांना आपण निर्दयी म्हणून मोकळे होऊ शकतो, पण ते तितकेसे बरोबर नाही. ते तिघेही रात्री-बेरात्री परधर्मीयाच्या दारात मदत मागायला आले होते, म्हणजे बायकोचा जीव त्यांना प्यारा होताच. रूढीची भिंत ओलांडणे मात्र त्यांच्या आवाक्यात नव्हते. भिंतीच्या आत जाऊ शकणारी स्त्री डॉक्टर असती तर तिघीही जगल्या असत्या, एवढे त्या वीस वर्षांच्या मुलीला लख्ख दिसले. दुसऱ्या दिवशी तिने आईवडिलांना सांगून टाकले की मी अमेरिकेत जाऊन डॉक्टर होईन आणि इथे परत येईन. पाचारण कधी प्रार्थनामंदिरात ऐकू येते, कधी व्हरांड्यात.

१८९५ साली आयडाने फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात नाव घातले. मराठी वाचकांनी इथे क्षणभर थांबावे असे हे ठिकाण आहे. ह्याच कॉलेजातून १८८६ साली आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या होत्या. आनंदीबाईंचे तान्हे बाळ वैद्यकीय मदतीअभावी दहा दिवसांत गेले होते, आणि तिथूनच त्यांची वाट सुरू झाली होती. परत आल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. ज्या कामासाठी त्या सातासमुद्रापार गेल्या ते करायला देवाने त्यांना आयुष्य दिले नाही. १८९२ साली तिथूनच डॉक्टर झालेल्या गुरुबाई करमरकर ह्या मराठी ख्रिस्ती भगिनीने पुढे मुंबईत अनेक वर्षे रुग्णसेवा केली. आयडाने शेवटचे वर्ष मात्र न्यूयॉर्कच्या कॉर्नेल मेडिकल कॉलेजात काढले, कारण तिथे नुकताच मुलींना प्रवेश सुरू झाला होता. १८९९ साली त्या डॉक्टर झाल्या.

निघण्यापूर्वी मिशनने त्यांच्यावर एक काम सोपवले. वेल्लोरला स्त्रियांसाठी हॉस्पिटल बांधायला आठ हजार डॉलर जमवायचे होते आणि हाताशी दिवस थोडे होते. आयडा दारोदार फिरल्या. एका बाईंकडे त्या आपले म्हणणे मांडत असताना शेजारच्या खोलीत त्यांचे मेहुणे शेल नावाचे वृद्ध बँकर बसले होते. त्यांनी सगळे ऐकले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आयडाला बोलावून घेतले, चौकशी केली, आणि दिवंगत पत्नी मेरी टेबर शेल ह्यांच्या स्मरणार्थ दहा हजार डॉलर दिले.

१ जानेवारी १९०० रोजी डॉ. आयडा वेल्लोरला पोहोचल्या. वडिलांच्या हाताखाली दोन-चार वर्षे शिकावे, धीर आला की स्वतंत्र काम करावे, असे त्यांच्या मनात होते. पण वडिलांना कॅन्सर झाला होता. मे महिन्यात ते वारले. नवीन डॉक्टर, तीही बाई, आणि हॉस्पिटलची इमारत अजून कागदावर. सुरुवातीला रुग्ण येईनात. ज्यांच्यासाठी त्या आल्या होत्या त्या स्त्रियाच बिचकत होत्या. मिशन बंगल्यातली एक लहानशी खोली हाच दवाखाना आणि तिची खिडकी हीच औषधे देण्याची जागा. पाहुण्यांची खोली हा वॉर्ड झाला. सालोमी नावाची एक स्थानिक बाई हाताशी आली. तिला शिकवत शिकवतच डॉ. आयडा ऑपरेशने करू लागल्या. हळूहळू एकीने दुसरीला सांगितले, दुसरीने तिसरीला. दोन वर्षांत त्या एवढ्याशा जागेत पाच हजार रुग्ण तपासून झाले होते. १९०२ साली चाळीस खाटांचे शेल हॉस्पिटल उघडले. ती इमारत आजही आहे. तिथे आता हॉस्पिटलचा नेत्रविभाग चालतो.

इथपर्यंतची गोष्ट अनेक मिशन हॉस्पिटलांसारखीच आहे. आपल्या मिरजेला डॉ. वानलेस ह्यांनी १८९४ सालीच असे हॉस्पिटल उभे केले होते. वेल्लोर वेगळे झाले ते पुढच्या दोन गोष्टींमुळे.

पहिली गोष्ट म्हणजे रस्ता. हॉस्पिटलच्या दाराशी पोहोचेपर्यंत अर्धे रुग्ण हाताबाहेर गेलेले असत. खेड्यातून यायला बैलगाडी, तीही मिळाली तर. म्हणून १९०६ पासून डॉ. आयडा स्वतःच गुडियात्तमच्या रस्त्याने ठरलेल्या दिवशी जाऊ लागल्या. आधी बैलगाडीने, मग १९०९ मध्ये भेट मिळालेल्या एका छोट्या प्यूजो मोटारीने. त्या भागात तोवर कुणी मोटार पाहिली नव्हती. बिनबैलांची, धूर सोडणारी ती गाडी पाहून माणसे शेतात पळाली, असे सांगतात. नंतर मात्र तिचा आवाज ऐकून ती रस्त्यावर येऊ लागली. ठरलेल्या झाडाखाली गाडी थांबायची. पेट्या उघडल्या जायच्या. डोळे आलेली मुले, खरूज, गळवे, नारू, चिघळलेल्या जखमा, आणि घोळक्यापासून थोडे दूर उभे असलेले कुष्ठरोगी. जातीपातीची माणसे त्या झाडाखाली एका रांगेत कशी उभी राहिली असतील, त्याचीही कल्पना करावी. एकदम राहिली नसतीलच. ज्याला हॉस्पिटलात न्यायलाच हवे त्याला गाडीत घातले जाई. आज फिरता दवाखाना ही आपल्याला साधी गोष्ट वाटते. शंभर वर्षांपूर्वी आठवड्यातून एकदा, वर्षानुवर्षे, उन्हात धुळीत जात राहणे ही साधी गोष्ट नव्हती.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. एकटीने कितीही राबले तरी त्या तीन बायांसारख्या लाखो बाया खेडोपाडी आहेत, आणि त्यांना अमेरिकेतून डॉक्टर पुरवता येणार नाहीत, हे डॉ. आयडांना पहिल्या काही वर्षांतच उमगले. इथल्याच मुली तयार करायला हव्या होत्या. १९०९ साली त्यांनी नर्सिंगची शाळा काढली. त्या काळी हे काम हलके समजले जाई, चांगल्या घरच्या मुली पाठवायला कुणी तयार होत नसे. मग त्यांनी मुलींच्या मेडिकल स्कूलचा ध्यास घेतला. मद्रासचे सर्जन जनरल कर्नल ब्रायसन ह्यांचा त्यावर विश्वास नव्हता. सहा मुली मिळाल्या तर सुरू करा, पण मिळणार नाहीत, असा त्यांचा सूर होता. १९१८ साली शाळा सुरू झाली तेव्हा अर्ज इतके आले की बऱ्याच मुलींना परत पाठवावे लागले. साधने मात्र तुटपुंजी होती आणि शरीरशास्त्रापासून बहुतेक विषय डॉ. आयडा स्वतःच शिकवत. सरकारी परीक्षेला बसताना, मुलांचेच निकाल इतके वाईट लागतात तिथे तुमच्या मुलींचे काय, अशी धास्ती त्यांना आधीच घातली गेली होती. पहिल्या परीक्षेत वेल्लोरच्या चौदाही मुली पास झाल्या. १९२२ साली त्या चौदा जणी डॉक्टर होऊन बाहेर पडल्या.

इथे थोडे आपल्या घरातलेही सांगायला हवे. त्याच सुमारास कॅथलिक धर्मभगिनी कुठे होत्या? हॉस्पिटलांत त्या शुश्रूषा करत होत्याच, पण डॉक्टर म्हणून काम करणे आणि बाळंतपण करणे त्यांना चर्चच्या नियमांनी मना होते. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मेरी ग्लाऊरी १९२० साली आंध्रातल्या गुंटूरला आल्या आणि धर्मभगिनी झाल्या, तेव्हा त्यांना रुग्णसेवेसाठी पोप पंधरावे बेनेडिक्ट ह्यांची खास परवानगी लागली. सर्वांसाठी ही वाट मोकळी झाली ती १९३६ साली. डॉ. ॲना डेंगेल ह्यांच्यासारख्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होता. भिंती फक्त तिंडिवनमच्या घरांतच नव्हत्या, हे आपण मान्य केलेले बरे. सिस्टर मेरी ग्लाऊरींनी १९४३ साली कॅथलिक हॉस्पिटलांची जी संघटना सुरू केली ती आज देशभर पसरली आहे.

वेल्लोरला गावातच मोठे हॉस्पिटल उभे राहिले, गावाबाहेर बागायमला कॉलेजसाठी दोनशे एकरांची जागा झाली. डॉ. आयडांची मैत्रीण गर्ट्रूड डॉड ह्या श्रीमंत घरच्या बाईंनी आपला पैसा आणि आयुष्य दोन्ही ह्या कामाला दिले. डॉ. आयडांचा स्वभाव तसा आनंदी, घरी पाहुण्यांचा राबता आणि टेनिसचे वेड. पासष्टीत त्या एका स्पर्धेत उतरल्या, तेव्हा आजीबाईंशी काय खेळायचे म्हणून समोरची तरुण मुलगी कुरकुरली. आजीबाईंनी तिला एकही गेम घेऊ दिला नाही.

आणि मग, आता विसावा घ्यावा अशा वयात, सर्वांत मोठे संकट आले. १९३८ साली मद्रास सरकारने ठरवले की डॉक्टरकीचा पदविका अभ्यासक्रम बंद, ह्यापुढे फक्त एम.बी.बी.एस. पदवी. सरकारचे चूक नव्हते. रुग्णांना पूर्ण शिकलेले डॉक्टर मिळायला हवेत, हे कुणीही म्हणेल. पण वेल्लोरची शाळा पदविकेचीच होती. पदवीसाठी वरच्या पदव्या मिळवलेले प्राध्यापक हवेत, प्रयोगशाळा हव्यात, कितीतरी जास्त खाटा हव्यात. एवढा पैसा केवळ स्त्रियांच्या मिशन मंडळांना पेलणारा नव्हता. एक मार्ग होता. देशातल्या ख्रिस्ती डॉक्टरांच्या संघटनेला सर्वांसाठी एक ख्रिस्ती मेडिकल कॉलेज हवेच होते. वेल्लोरने मुलांनाही प्रवेश द्यायचा ठरवले तर अनेक मिशनांचा पैसा आणि माणसे एकत्र येणार होती.

ह्यात डॉ. आयडांची किती ओढाताण झाली असेल, हे लक्षात घ्या. अमेरिकेतल्या हजारो बायकांनी काटकसर करून पैसे दिले होते ते मुलींच्या कॉलेजसाठी. त्या मदतीमागचा मोठा आधार असलेल्या लूसी पीबडी ह्या डॉ. आयडांच्या जुन्या स्नेही. त्यांनी ह्या बेताला कडाडून विरोध केला. पुरुष आले की सूत्रेही त्यांच्याच हाती जातील, ही त्यांची भीती अगदीच निराधार होती असे कोण म्हणेल? ज्या तीन बायांमुळे हे सारे उभे राहिले त्यांच्याशी ही प्रतारणा तर नव्हे? दुसऱ्या बाजूला, हट्ट धरला तर कॉलेजच बंद पडणार होते. डॉ. आयडांनी कॉलेज जगावे हे निवडले आणि मैत्रीत आलेला दुरावा सोसला. सत्तरी ओलांडल्यावर, महायुद्ध चालू असताना, त्या अमेरिकेत गावोगाव फिरून पैसा जमवत राहिल्या. १९४२ साली मुलींचा पहिला एम.बी.बी.एस. वर्ग सुरू झाला. १९४७ साली मुलांना प्रवेश मिळाला. पीबडीबाईंची भीती काही अंशी तरी खोटी ठरली, कारण १९४८ साली कॉलेजची धुरा डॉ. हिल्डा लाझारस ह्या भारतीय स्त्रीकडे आली.

१९४६ साली डॉ. आयडा निवृत्त होऊन कोडाईकनालच्या आपल्या घरी राहू लागल्या. पुढचे सगळे त्यांनी तिथून पाहिले. झाडाखाली घोळक्यापासून दूर उभ्या राहणाऱ्या कुष्ठरोग्यांची वाकलेली बोटे ऑपरेशनने सरळ करण्याचे काम डॉ. पॉल ब्रँड ह्यांनी वेल्लोरलाच १९४८ साली सुरू केले. जगात असा प्रयत्न पूर्वी फारसा कुणी केला नव्हता. बोटे हलू लागलेला माणूस हाताने काम करून पोट भरू लागला. कॉलेजच्या विद्यार्थिनी डॉ. मेरी वर्गीस ह्यांना १९५४ साली मोटार अपघातात कमरेखाली लुळेपणा आला. त्यांनी चाकांच्या खुर्चीत बसून कुष्ठरोग्यांच्या हातांवर ऑपरेशने केली आणि पुढे अपंगांच्या पुनर्वसनाचा विभाग उभारला. मे १९६० मध्ये, वयाच्या नव्वदीला टेकलेल्या असताना, डॉ. आयडांनी कोडाईकनालला देह ठेवला. नुसते नाव आणि देशाचे नाव लिहिलेले पत्र त्यांना बिनचूक पोहोचले होते, अशी आठवण अजून सांगितली जाते.

वेल्लोरचे नाव निघाले की लोक मोठ्या ऑपरेशनांविषयी बोलतात. देशातले पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण १९७१ साली तिथे झाले, ही गोष्ट खरीच. पण गुडियात्तमचा रस्ता तिथले लोक विसरले नाहीत, हे मला अधिक मोलाचे वाटते. १९७७ साली के. व्ही. कुप्पम भागात हॉस्पिटलने ग्रामीण केंद्र काढले. आरोग्याबरोबर रोजगार, बायकांचे गट, शिक्षण हेही तिथे आले. कनियंबाडी भागातल्या खेड्यांत नर्स घरोघरी जाऊन गरोदर बायांची नोंद ठेवतात. वेल्लोर शहरातल्या गरिबांसाठी १९८२ साली कमी खर्चाच्या उपचारांचा वेगळा विभाग झाला. तिथला डॉक्टर महागडी तपासणी सांगण्यापूर्वी ती खरोखर लागेल का, ह्याचा विचार करतो. मिशनच्या शिफारशीने शिकलेल्या विद्यार्थ्यांना डॉक्टर झाल्यावर दोन वर्षे लहान गावांतल्या मिशन हॉस्पिटलांत काम करावे लागते. सगळेच आनंदाने करत असतील असे नाही. काही जण मात्र दोन वर्षांसाठी जातात आणि तिथेच राहतात.

मुख्य हॉस्पिटलात जागा पुरेना झाली तेव्हा नवी जागा राणीपेट जिल्ह्यात, चेन्नई-बंगळुरू महामार्गालगत मिळाली. २०२२ साली तिथले मोठे हॉस्पिटल सुरू झाले. डॉ. आयडांचे जन्मगाव ते हेच राणीपेट.